पाणबुडीनं पळायचं की लपायचं? कलवरी क्लासच्या २० नॉटवरून एक प्रश्न

मेकॅनिकल_तिसरं_वर्ष

नमस्कार मंडळी. एक प्रश्न कधीपासून डोक्यात घोळतोय, इथं नेव्हीतले आणि मशीन शॉपमधले बरेच जण आहेत म्हणून विचारतो. आपल्या कलवरी क्लासच्या पाणबुड्या (कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर, वागशीर, सगळ्या मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या) पाण्याखाली जास्तीत जास्त २० नॉटनं जातात असं लिहिलेलं असतं, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. पण त्या गस्तीवर असताना ४-५ नॉटनंच सरकतात असंही वाचलंय, म्हणजे ताशी आठ-नऊ किलोमीटर, एवढ्यात तर माणूस धावत पुढं जाईल. मग २० नॉटची ताकद बसवायचीच कशाला?

मे २०२२ मध्ये राजनाथ सिंह कारवारहून खांदेरीवर बसून पाण्याखाली गेले होते, तेव्हाचे व्हिडिओ बघितल्यापासून हे डोक्यात आहे. आमच्यातला एक जण म्हणतो अणुपाणबुडी घेतली की विषय संपला, वेग पण मिळतो आणि लपता पण येतं. दुसरा म्हणतो अणुपाणबुडी आवाज करते. दोघंही खात्रीनं बोलतात पण कारण कोणीच सांगत नाही. सेमिनारला हाच विषय घ्यायचा विचार आहे त्यामुळं नुसतं "आवाज कमी होतो" एवढं नको, नेमका कुठला आवाज, कशानं, ते सांगा प्लीज.

चिकोडीची_फिजिक्सवाली

छान विषय घेतलास. आवाजाच्या आधी बॅटरीचा हिशेब बघ, कारण डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी हळू जाते त्याचं पहिलं कारण तेच आहे.

पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो विरोध मोडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनानं. वेग दुप्पट केलास तर पॉवर आठपट. आता ४ नॉटवरून २० नॉटवर जा, वेग पाचपट, मग प्रोपेलरला लागणारी पॉवर पाच गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे १२५ पट. आणि तेवढंच अंतर कापायला लागणारी ऊर्जा २५ पट. म्हणजे हळू जाऊन ज्या चार्जिंगमध्ये शेकडो किलोमीटर कापता येतात त्याच चार्जिंगमध्ये फुल स्पीडला त्याचा थोडासाच भाग कापला जाणार. शिवाय जास्त करंट ओढला की लेड-अॅसिड बॅटरी तिच्या पूर्ण क्षमतेएवढी ऊर्जा देतच नाही, ते नुकसान वेगळंच.

खांदेरीबद्दल आलेल्या बातम्यांत ३६० सेल आणि प्रत्येक सेल ७५० किलोचा असा आकडा होता, गुणाकार कर, २७० टन नुसती बॅटरी. बोट पाण्याखाली साधारण सतराशे टनांच्या आसपास भरते. एवढा मोठा हिस्सा बॅटरीला देऊन सुद्धा अशी कुठलीही पारंपरिक पाणबुडी पूर्ण वेगात तास-दोन तासांतच रिकामी होते, आणि तीच हळू चालवली तर काही दिवस पाण्याखाली राहते. अगदीच हळू गेलं तर मात्र वेगळं होतं, तेव्हा प्रोपेलरपेक्षा आतले एसी, कॉम्प्युटर, हवा शुद्ध करणारी यंत्रं हेच जास्त वीज खातात, ते बोट उभी असली तरी चालूच असतात. म्हणून शून्य नॉट नव्हे तर तीन-चार नॉटच्या आसपास सगळ्यात फायद्याचा वेग सापडतो.

अनगोळ_अण्णा

मॅडम हिशेब पटला, पण हा सगळा बॅटरीचा रडगाणं झालं की. अणुभट्टी असली तर बॅटरीचा प्रश्नच येत नाही. रशियानं अल्फा क्लास बांधली होती बघ पोरा, टायटॅनियमची बॉडी, शिसं-बिस्मथ वितळवून त्यानं थंड केलेली अणुभट्टी, पाण्याखाली ४१ नॉट, ताशी ७५ किलोमीटर! त्या काळचा टॉर्पेडो मागं लागला तरी ती पळून जाऊ शकत होती म्हणतात. पळता येतंय तर लपून बसायचं कशाला? शिकारी कुत्र्यापेक्षा जोरात धावणाऱ्याला बिळाची काय गरज. मला तर वाटतंय आपल्या लोकांनी वेगाचा नाद उगाच सोडला.

खानापूर_एक्सनेव्ही

अण्णा, मी नेव्हीत फ्रिगेटवर सोनार सेक्शनला होतो, पाणबुडीवर नाही, म्हणजे त्यांना शोधणाऱ्यांच्या बाजूला. आमची गुपितं सांगणार नाही, जे जगजाहीर आहे तेच लिहितो.

अल्फापेक्षा पण जोरात गेलेली एक आहे, सोव्हिएत के-२२२. १९७० साली ट्रायलमध्ये तिनं ४४.७ नॉट गाठले, मानवानं चालवलेल्या पाणबुडीचा तो विक्रम आजही आहे. पण त्या वेगाला आत एवढा गोंगाट व्हायचा की कंट्रोल रूममध्ये बोललेलं ऐकू येणं अवघड, बाहेरच्या फेअरिंगच्या (वरच्या गुळगुळीत आवरणाच्या) पट्ट्या पाण्याच्या जोरानं निघून आल्या. तशी एकच बांधली, दुसरी नाही. अल्फा पण सातच बांधल्या. आणि अल्फा पळायला लागली की ती खूप लांबून ऐकू यायची. नाटोनं मग काय केलं, पाणबुडीला गाठणारे टॉर्पेडोच बनवले, अमेरिकेचा मार्क ४८ अॅडकॅप आणि ब्रिटिशांचा स्पिअरफिश, दोन्ही त्याच भीतीतून आले. टॉर्पेडोला माणसं नेऊन परत आणायची नसतात, अर्धा तास चाललं तरी काम झालं, त्याच्याशी शर्यत लावून पाणबुडी कधी जिंकत नाही.

आणि खरं दुखणं वेगळं आहे, त्याच्याबद्दल लोक बोलत नाहीत. वेगात गेलं की आपण फक्त मोठ्यानं बोलत नाही, आपण बहिरे पण होतो. सोनार म्हणजे शेवटी पाण्यात लावलेले कान, आणि त्या कानांवरून जोरात पाणी वाहिलं, आपलीच मशिनरी जवळ धडधडली, तर लांबचा बारीक आवाज त्यात बुडून जातो. पाण्याखाली खिडकी नाही, रडार चालत नाही, बघायचं ते ऐकूनच बघायचं. मग ४० नॉटनं पळणारा कॅप्टन पुढं काय आहे ते न बघताच पळतोय असा अर्थ झाला.

आमच्या बाजूचं उदाहरण देतो, फार आदरानं देतो. ९ डिसेंबर १९७१, दीवजवळ आयएनएस खुकरी पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीला शोधत होती. सोनारचा पल्ला वाढावा म्हणून खुकरीचा वेग कमी ठेवला होता असं त्याबद्दल नंतर बरंच लिहिलं गेलंय. नीट ऐकायचं तर हळू जायला लागतं, आणि हळू जाणारी मोठी बोट पाणबुडीला सोपं निशाण होते. हंगोर बॅटरीवर पाण्याखाली होती, तिनं आधी खुकरीबरोबरच्या किरपाण या फ्रिगेटवर टॉर्पेडो सोडला तो चुकला, मग खुकरीवर. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला बोटीबरोबरच गेले. वेग आणि ऐकणं यातला हा झगडा दोन्ही बाजूंना असतो.

कॅम्पातला_पिंट्या

अंगावर काटा आला काका.

एक विचारू का, इलेक्ट्रिक मोटर तर शांतच असते, स्कूटरचं बघतोच की आपण. मग बॅटरीवर असताना आवाज येतो तरी कुठनं?

चिकोडीची_फिजिक्सवाली

पिंट्या, थोडं लांबण लागेल, चालेल ना. आतली यंत्रं आहेत, पंप, कॉम्प्रेसर, फ्रिज, ती वेगाशी संबंध न ठेवता एका ठराविक सुरात गुणगुणत राहतात. मग बोटीच्या अंगावरून वाहणारं पाणी, ते हळू असताना काहीच नाही पण हा आवाज वेगाच्या जवळपास पाचव्या-सहाव्या घातानं चढतो, म्हणजे वेग दुप्पट केला तर पन्नासपट वगैरे. आणि सगळ्यात मोठा गुन्हेगार प्रोपेलर, त्यातही कॅव्हिटेशन.

कॅव्हिटेशन म्हणजे पाणी थंडच असताना उकळणं. पाणी १०० डिग्रीलाच उकळतं असं काही नाही, ते दाबावर ठरतं. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, इथं हवेचा दाब कमी म्हणून पाणी ९८ च्या आतच उकळतं. दाब आणखी पाडत गेलास तर खोलीच्या तापमानाला पण उकळेल. प्रोपेलरचं पातं जोरात फिरतं तेव्हा त्याच्या एका बाजूला दाब असाच पडतो, तिथं वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि ते दोन बोटं पुढं जाऊन परत जास्त दाबात आले की फाटदिशी मिटतात. प्रत्येक मिटण्याचा एक ठोका, असे सेकंदाला हजारो. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेच्या चौपटीपेक्षा जास्त, आणि खूप लांबपर्यंत टिकतो.

आता गंमत बघा, खोल गेलं की हे लांबवता येतं. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढतो. १० मीटरवर एकूण दाब दोन, ७० मीटरवर आठ, चौपट झाला. पातं पाण्याचा दाब पाडतं ते वेगाच्या वर्गानं, म्हणून चौपट दाबात साधारण दुप्पट वेगापर्यंत बुडबुडे येत नाहीत. वर राहून ६ नॉटला जी बोट बुडबुडे सोडायला लागेल तीच ७० मीटरवर १२ नॉटपर्यंत गप्प जाईल (आकडे समजण्यासाठी घेतलेत, कुठल्या खऱ्या बोटीचे नाहीत). म्हणून घाई असेल तर आधी खाली जा आणि मग वेग वाढव, हा नियम.

उद्यमबाग_स्पिंडल

कॅव्हिटेशन बघायला समुद्रावर जायला नको, आमच्या उद्यमबागेत कुठल्याही हायड्रॉलिक पॉवर पॅकचा सक्शन फिल्टर चोक होऊ दे, पंप आत खडी भरल्यासारखा वाजायला लागतो. नवा पोरगा म्हणतो बेअरिंग गेलं, जुना मिस्त्री नुसतं कान देऊन सांगतो फिल्टर काढ म्हणून. पंप उघडला की आतला धातू बारीक बारीक खड्ड्यांनी खाल्लेला दिसतो. फिजिक्स तेच आहे, तिथं तेल, समुद्रात पाणी.

पण मला जे सांगायचंय ते प्रोपेलरबद्दल. हा विषय लोक डिझाइनचा समजतात, माझं म्हणणं निम्मा विषय मशीनिंगचा आहे. पाणबुडीचं पातं मागं कोयत्यासारखं वाकलेलं असतं, सहसा सात पाती, विषम संख्या मुद्दाम, कारण मागं शेपटीला चार फिन (पंख) असतात आणि त्यांच्यामागचं पाणी संथ असतं, चार पाती ठेवली तर चारही एकाच क्षणी त्या संथ पाण्यात शिरतील आणि दर फेरीला चार मोठे धक्के बसतील. सात ठेवली की धक्के वाटले जातात. वाकडं पातं पण त्याचसाठी, पूर्ण पातं एकदम न शिरता हळूहळू शिरतं. आणि व्यास मोठा, आरपीएम कमी. हे सगळं कागदावर काढणं एक, आणि ब्राँझच्या काही मीटर व्यासाच्या कास्टिंगवर तो दुहेरी वळणाचा पृष्ठभाग सातही पात्यांवर सारखा उतरवणं दुसरं. एक पातं बाकीच्यांपेक्षा जरासं वेगळं निघालं की तेच आधी बुडबुडे सोडणार.

तोशिबाचं प्रकरण ऐकलंय का कुणी? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तोशिबा मशीन कंपनीनं सोव्हिएत युनियनला प्रोपेलर कापायच्या ९ अॅक्सिस (कटर नऊ प्रकारे हलवता-फिरवता येणाऱ्या) मिलिंग मशीन विकल्या, लेनिनग्राडच्या शिपयार्डसाठी, कंट्रोलर नॉर्वेच्या कोंग्सबर्गचे. बंदी असलेला माल होता. १९८७ ला बाहेर आलं तेव्हा अमेरिकेच्या खासदारांनी संसदेच्या हिरवळीवर घणानं तोशिबाचा रेडिओ फोडला. एका मिलिंग मशीनवरून एवढा दंगा! कारण त्यांना कळलं होतं की शांतपणा टूल पाथमध्ये, म्हणजे कटर धातूवरून ज्या वाटेनं जातो तिच्यात असतो. मी फाइव्ह अॅक्सिसवर काम करतो, एरोस्पेसचे पार्ट, त्यामुळं मला त्या मशीनचं महत्त्व वाचून नव्हे तर हातानं समजतं. कटर एका पासमधून दुसऱ्या पासमध्ये जाताना जी बारीक कड राहते ना, ती घासून काढणारा माणूस पण त्या शांतपणाचा भागीदार आहे.

अनगोळ_अण्णा

हे भारी लिवलास बघ. आपल्या फौंड्रीवाल्यांना कोण विचारतंय एरवी.

मग असं म्हणायचं का, मशीन चांगली असली तर जोरात पण जाता येतंय आणि गप्प पण?

खानापूर_एक्सनेव्ही

अगदी तेच अण्णा. म्हणून जाणकार लोक "टॉप स्पीड किती" हे विचारतच नाहीत, ते विचारतात "किती वेगापर्यंत गप्प". पाणबुडीचा खरा आकडा तो, आणि तो कोणीच छापत नाही. अमेरिकेची सीवुल्फ आली तेव्हा तिची महती हीच होती, ३५ नॉट धावते म्हणून नव्हे तर २० नॉटच्या आसपास सुद्धा शांत राहून ऐकू शकते म्हणून. तिला उघडा प्रोपेलर नाही, पंपजेट आहे, म्हणजे पाती एका नळकांड्यात, पाण्याचा वेग-दाब नळकांड्यानं सांभाळला जातो, बुडबुडे उशिरा येतात. जड असतं, महाग असतं, आणि सावकाश फिरणाऱ्या छोट्या बोटीला त्याचा तेवढा फायदा होत नाही, म्हणून ते मोठ्या अणुपाणबुड्यांवर जास्त दिसतं.

स्पिंडलभाऊंच्या गोष्टीला एक जोड. रशियन बोटी शांत झाल्या त्याचं सगळं श्रेय तोशिबाला देणं बरोबर नाही. जॉन वॉकर नावाचा अमेरिकन नेव्हीतलाच माणूस वर्षानुवर्षं त्यांना गुपितं विकत होता, १९८५ ला पकडला. त्याच्यामुळं सोव्हिएतांना कळलं की आपल्या बोटी किती सहज ऐकल्या जातात. मशिनी येण्याआधीच त्यांनी आवाज कमी करायला सुरुवात केली होती. आपण ऐकू जातोय हे कळणं ही पहिली पायरी, मशीन दुसरी.

बाकी सोनारवर बसणारा माणूस पाती मोजतो हे खरं आहे. पात्यांचा ठोका सापडला की फेऱ्या कळतात, फेऱ्यांवरून वेग, आणि पात्यांच्या संख्येवरून कुठल्या जातीची बोट ते. म्हणून ड्राय डॉकमध्ये प्रोपेलरवर ताडपत्री घालतात. २००७ साली अमेरिकेच्या एका ओहायो क्लास बोटीचा उघडा प्रोपेलर इंटरनेटवरच्या नकाशात हवाई फोटोत दिसला तेव्हा जगभर बातमी झाली होती.

कारवार_माहेरवाशीण

माझं माहेर कारवार, सासर शहापूर. घरातले मासेमारीतले, त्यामुळं समुद्राच्या बाजूनं थोडं लिहिते, तुम्ही सगळे बोटीचंच बोलताय.

आमच्याकडचा समुद्र खूप लांबवर उथळ आहे. पश्चिम किनाऱ्याचा तो उथळ पट्टा ओलांडून खरी खोली लागायला बरंच आत जावं लागतं. म्हणजे चिकोडीच्या ताईंनी जो नियम सांगितला, आधी खाली जा मग वेग वाढव, तो किनाऱ्याजवळ वापरताच येत नाही, खाली जायला पाणीच नाही. तिथं पाणबुडीला हळूच राहायला लागणार. पण उथळ पाण्याचा फायदा पण आहे, तिथं आधीच खूप गोंगाट असतो. ट्रॉलरची इंजिनं, लाटा, आणि कटकट आवाज करणारी कोळंबीची एक जात असते, नांगी एवढ्या जोरात मिटते की तिच्यातनं पण तोच बुडबुडा तयार होऊन फुटतो, गरम उथळ समुद्रात हजारोंनी एकत्र असल्या की सोनारला सतत कडकड ऐकू येत राहते. असल्या गर्दीत चार नॉटनं चाललेली बॅटरीवरची बोट शोधून दाखवा.

आणि पाण्याचे थर. वरचं पाणी गरम, खाली एकदम थंड होत जातं, त्या सांध्यावर आवाज वाकतो. वरून येणारा आवाज खाली पूर्ण पोचत नाही, मध्ये सावलीसारखे पट्टे पडतात जिथं सोनारला काहीच कळत नाही. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी वर पसरतं आणि वाऱ्यानं पाणी ढवळतं तेव्हा हे थर बदलतात. त्या सावलीत राहायचं असेल तर तिथंच टिकून राहावं लागतं, भरधाव जाणारी बोट थरातनं कधी बाहेर पडली हे तिलाच कळणार नाही.

मेकॅनिकल_तिसरं_वर्ष

सगळ्यांना खूप धन्यवाद, माझ्या अपेक्षेपेक्षा फार जास्त मिळालं. अणु विरुद्ध डिझेल एवढं राहिलं. आमच्यातलं भांडण तिथंच अडकलंय.

खानापूर_एक्सनेव्ही

तुमचे दोघे मित्र अर्धे अर्धे बरोबर आहेत. अणुभट्टी इंजिनासारखी पटकन पूर्ण बंद करता येत नाही. बोट थांबली तरी भट्टीतली उष्णता काढायला पाणी फिरवत राहावं लागतं, त्याचे पंप, पुढं वाफेचे टर्बाइन, बऱ्याच बोटींत टर्बाइनचा वेग कमी करायला मोठे गिअर, आणि गिअरचा सूर सोनारवर फार स्पष्ट उमटतो. बॅटरीवरच्या बोटीत मोटर थेट शाफ्टला, गिअर नाहीच. म्हणून चार नॉटला डिझेल-इलेक्ट्रिक सहसा जास्त शांत. स्वीडनची गॉटलँड २००५ ते २००७ अमेरिकेनं क्रूसकट भाड्यानं आणून ठेवली होती सॅन डिएगोला, फक्त तिला शोधण्याचा सराव करायला. छोटी बोट, स्टर्लिंग इंजिनवर हवेशिवाय चालणारी, आणि तिनं त्यांना जाम दमवलं.

पण १५ नॉटला हिशेब उलटतो. अणुपाणबुडी १५-२० नॉटनं महिनाभर जाऊ शकते, डिझेलवाली काही तास. आणि डिझेलवालीला बॅटरी भरायला वर येऊन पाण्याबाहेर नळी काढून इंजिन चालवावंच लागतं, तेव्हा ती सगळ्यात उघडी असते, डिझेलचा आवाज आणि नळी रडारवर. जेवढं जोरात पळाल तेवढ्या लवकर वर यावं लागणार. म्हणून तिच्या बाबतीत वेगाची किंमत दोनदा मोजावी लागते, एकदा पळताना आणि एकदा चार्जिंगला.

अणुपाणबुड्यांनी पण गप्प राहायचे मार्ग काढलेत. अमेरिकेच्या नारव्हाल बोटीवर १९६० च्या दशकातच अशी भट्टी बसवली की कमी वेगाला पाणी गरम-थंड फरकानं आपोआप फिरायचं, मोठे पंप चालवायला नकोत. आपल्या अरिहंत, अरिघातसारख्या क्षेपणास्त्रवाल्या बोटींचं तर कामच गायब होऊन थांबणं, त्यांना वेग जवळपास लागतच नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये ब्रिटिशांची व्हॅनगार्ड आणि फ्रेंचांची ट्रिओम्फां, दोन्ही अणुक्षेपणास्त्रं घेऊन फिरणाऱ्या, अटलांटिकमध्ये एकमेकींना धडकल्या. एवढा मोठा समुद्र, आणि दोघी हळू आणि एवढ्या शांत. सुदैवानं कोणाला काही झालं नाही.

उद्यमबाग_स्पिंडल

आतल्या यंत्रांबद्दल राहिलं ते टाकतो, सेमिनारला उपयोग होईल. पंप-मोटर सरळ हलवर (बोटीच्या बाहेरच्या कवचावर) बोल्ट करत नाहीत, रबर माउंटवर एक मोठी फ्रेम, तिच्यावर यंत्रं, त्यांच्याखाली परत रबर, दोन टप्प्यांत कंपन मारतात. पाइप पण लवचिक जोडणीनं, नाहीतर माउंटवर खर्च करून कंपन पाइपातनं हलला पोचायचं. हलच्या बाहेर रबराच्या टाइल, ही युक्ती दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी आधी वापरली.

पण माउंट हे औषध झालं, आजार अनबॅलन्स. साध्या पंपाचा इंपेलर आपण जी ६.३ ग्रेडला बॅलन्स करतो, टर्बाइनला जी २.५, अगदी बारीक ग्राइंडिंग स्पिंडलला जी ०.४ (आकडा जेवढा लहान तेवढं बॅलन्सिंग बारीक). आणि अनबॅलन्सचा धक्का आरपीएमच्या वर्गानं वाढतो, वेग दुप्पट तर धक्का चौपट. आमच्याकडं एका बाहेरच्या पार्टीचा पंप रोटर व्हायब्रेशनमुळं परत आला होता, त्यांनी बॅलन्सिंग कपलिंगशिवाय करून घेतलं होतं आणि नंतर कपलिंग बसवलं, सगळं गणित गेलं. जमिनीवर त्यानं फक्त बेअरिंग लवकर जातं. पाणबुडीत तोच रोटर एका ठराविक फ्रिक्वेन्सीचा दिवा लावून ठेवणार, आणि खानापूरच्या काकांसारखा माणूस स्क्रीनवर तीच बारीक रेघ शोधत बसलेला असणार.

खानापूर_एक्सनेव्ही

रेघच. समुद्राचा गोंगाट पसरलेला असतो, यंत्राचा सूर एकाच जागी राहतो, काही मिनिटं गेली की अंधूक रेघ उमटते. आणि डेसिबलचा हिशेब लक्षात ठेव पोरा: मोकळ्या खोल पाण्यात ६ डेसिबल आवाज कमी केला की ऐकू जाण्याचं अंतर निम्मं होतं. अंतर निम्मं म्हणजे शत्रूला शोधायचं क्षेत्र पाव.

कॅम्पातला_पिंट्या

कलवरीवर ते एआयपी (बाहेरच्या हवेशिवाय पाण्याखालीच वीज बनवणारी यंत्रणा) बसवणार म्हणतात, अंबरनाथच्या डीआरडीओवाल्यांचं. त्यानं वेग वाढेल का?

चिकोडीची_फिजिक्सवाली

नाही. अंबरनाथच्या एनएमआरएल प्रयोगशाळेचा तो फॉस्फोरिक अॅसिड फ्युएल सेल आहे, हायड्रोजन बोटीतच तयार करतो, मार्च २०२१ मध्ये जमिनीवरची चाचणी पूर्ण झाली आणि डिसेंबर २०२४ च्या शेवटी माझगाव डॉकबरोबर एआयपी प्लग बांधायचा सुमारे १,९९० कोटींचा करार झाला. बोट मधून कापून त्यात एक तुकडा घालायचा. फ्युएल सेलची पॉवर हळू चालण्यापुरतीच असते, तो १२५ पटवाला हिशेब आठव. वाढलेल्या लांबीनं उलट पाण्याचा विरोध थोडा वाढेल. फायदा असा की हळू चालताना बॅटरीला हातच लावायचा नाही, वर यायची वेळ पुढं पुढं ढकलत जायची. आणि बॅटरी भरलेली शिल्लक राहते.

अनगोळ_अण्णा

ती शिल्लक बॅटरी कशासाठी, तेच मी पहिल्यापासनं विचारालोय! वेगासाठीच की शेवटी. पोराच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलंच नाही बघा, २० नॉट बसवलेत कशाला.

खानापूर_एक्सनेव्ही

अण्णा बरोबर बोललात, ते देऊनच थांबतो.

पाणबुडीनं टॉर्पेडो सोडला की ती कुठं आहे ते कळतं. त्या क्षणी शांतपणाचा उपयोग संपतो. शोधणारे त्या जागी टिंब मारतात आणि त्याच्याभोवती वर्तुळ काढतात, एवढ्या वेळात ती जास्तीत जास्त किती लांब गेली असेल म्हणून. तासाभरानं हेलिकॉप्टर आलं असं धरा. ती ५ नॉटनं सरकली असेल तर वर्तुळाची त्रिज्या ५ सागरी मैल, क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस मैल, दोन-तीन जहाजं आणि हेलिकॉप्टर ते व्यवस्थित चाळू शकतात. तीच १५ नॉटनं निघाली असेल तर त्रिज्या १५, क्षेत्रफळ ७०० च्या वर. नऊपट समुद्र चाळायचा. आणि शोधणाऱ्याला ती किती जोरात पळाली हे माहीत नसतं, म्हणून ती प्रत्यक्षात हळू गेली तरी त्याला मोठंच वर्तुळ धरावं लागतं. २० नॉटची क्षमता असणं एवढ्यानंच शत्रूचं काम वाढतं.

म्हणजे त्या वेळी पळणं हेच लपणं. पहिली काही मिनिटं आवाजाची पर्वा न करता खोल जाऊन पळायचं, कारण जागा तशीही कळलेलीच आहे, मग शोधणारे जवळ यायच्या आत एकदम वेग टाकायचा, दिशा बदलायची आणि थराखाली गप्प सरकायचं. शिकारीच्या वेळी पण असंच, थोडं पळायचं, थांबून ऐकायचं, परत पळायचं. हंगोरचा पुढं काही दिवस शोध चालला आणि ती कराचीला निसटली, ती तेव्हा आमच्यापेक्षा वेगवान मुळीच नव्हती, पण कधी हलायचं आणि कधी नाही हे त्यांना जमलं.

आता कॅप्टनच्या बाजूनं बघ. बॅटरी ४० टक्के उरलीय आणि समोर लक्ष्य आलं. हल्ला केला तर नंतर पळायला पुरेल का, आणि पळून झाल्यावर वर येऊन चार्ज करायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत तीन नॉटवर किती तास तग धरेल? पुरत नसेल तर लक्ष्य सोडून द्यावं लागतं. एआयपीचा खरा उपयोग या ठिकाणी आहे.

मेकॅनिकल_तिसरं_वर्ष

काका, हे वर्तुळाचं गणित मी ग्राफ काढून टाकतो, ५, १०, १५ आणि २० नॉटसाठी, सोबत प्रत्येक वेगाला बॅटरी किती जाते ते. दोन्ही वक्र एकाच कागदावर घेतले तर कुठल्या वेगाला किती मिनिटं पळणं परवडतं ते दिसेल. चिकोडीच्या मॅडम, यंत्रांचा कायमचा लोड एकूण किती धरू?

चिकोडीची_फिजिक्सवाली

एक आकडा धरू नकोस, १००, १५० आणि २०० किलोवॅट असे तीन धरून तीन रेषा काढ. आणि जास्त करंटला बॅटरीची क्षमता घटते ते गुणक विसरू नकोस, नाहीतर २० नॉटची रेषा खोटी आशा दाखवेल. झालं की इथंच टाक, मी तपासून देते.